दोन अहवाल

गिर्यारोहण मंडळात अपघातांचे अहवाल मास्तर लिहायचे. मागच्या महिन्यात दोन अनोळखी पोरं वादळाचा इशारा असताना कड्यावर चढली आणि त्यातला एक पडून मेला. मास्तरांनी एका दमात लिहून टाकलं, "निव्वळ बेफिकिरी. बचावलेल्या पोराला पुन्हा डोंगरावर सोडू नये."

या महिन्यात त्याच कड्यावर, तसाच इशारा असताना, त्यांचा बालमित्र अकरा जणांना घेऊन गेला. त्यातली एक बाई दरीत पडली, ती परत आली नाही. या वेळी मास्तर तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, "निसर्गापुढे कोणाचं काही चालत नाही. गटप्रमुखाचा दोष नाही."

चहा ठेवता ठेवता बायकोने ते वाचलं. "त्या पोराला धारेवर धरलंत. भाऊजींना मात्र वेगळा न्याय?"

"अगं, त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो. तो बेफिकीर नाही."

"त्या पोराची आईही हेच म्हणत असेल."

मास्तरांनी सही केली. मंडळाने मित्राला पुन्हा गट न्यायची परवानगी दिली.

रविवारी दुपारी आभाळ काळवंडलं, खिडक्या आपटायला लागल्या, तेव्हा मास्तरांनी वसतिगृहातल्या लेकीला फोन लावला. तो लागला नाही. तिचा सकाळचा एक मेसेज मात्र न वाचलेला पडून होता.


"बाबा, काकांच्या गटाबरोबर कड्यावर चाललेय. वादळाचा इशारा आहे, पण तुमचा अहवाल वाचला आणि भीतीच गेली."