गलबताच्या पोटातला खांब

“एवढा खांब रंधून टाका, मिस्त्री,” वत्सलाबाई म्हणाल्या. “उद्या पोरं यायच्या आत.”

मिस्त्री गलबताच्या पोटात उकिडवा बसून रंध्याच्या पात्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. “चांगला तर हाय, बाई.”

“लढाईचं गलबत आहे हे. इथे शाळेतल्या पोरांची नावं कशाला?”

नाशिकपासून समुद्र दीडशे किलोमीटर लांब. तरीही धरणाच्या काठावर जुन्या मराठी आरमारातल्या गलबताची प्रतिकृती उभी राहिली होती. पर्यटक यावेत, मुलांना आपला इतिहास कळावा, म्हणून. लोखंडी सांगाडा अंबडच्या एका कारखान्यात झाला. लाकूड मात्र जुनं हवं होतं. पेठ तालुक्यातल्या पाडलेल्या शाळांचं सागवान मिळालं. ते निवडायला मिस्त्री स्वतः गेला होता.

त्यातल्याच एका शाळेत वत्सलाबाईंनी अकरा वर्षं काढली होती. उद्यापासून त्या या गलबतात मुलांना आरमाराच्या गोष्टी सांगणार होत्या. सगळं लाकूड बसवून झाल्यावर आज पहिल्यांदाच त्या खाली उतरल्या. त्यांची खुर्ची, मुलांच्या सतरंज्या, आणि खुर्चीच्या अगदी समोर, छताला आधार देणारा तो खांब.

त्यांनी तो लगेच ओळखला. दर जूनला त्या एकेका मुलाला याच खांबाशी उभं करायच्या. पाठ ताठ, टाचा टेकलेल्या. डोक्यावर पट्टी धरून चाकूने रेघ ओढायची, शेजारी नाव आणि साल कोरायचं. “बघ, किती वाढलास!” म्हटलं की पोरगं दिवसभर छाती काढून हिंडायचं.

शिडी वाजली. पायल खाली आली. पर्यटकांना गलबत दाखवायचं काम तिच्याकडे होतं. उतरता उतरता तिची घोकंपट्टी चालली होती, “याच गलबताने फिरंग्यांना पळता भुई थोडी केली...”

“याच नाही, अशा,” बाई म्हणाल्या. “हे अजून पाण्यातसुद्धा उतरलेलं नाही. पोरांना खोटं सांगायचं नाही, पायल.”

“बाई, खरं सांगितलं तर लोक वरच्या वर भजी खाऊन घरी जातील!”

मिस्त्री खुदकन हसला. पायल खांबाशी वाकली. “झुंबर... भिकन... रोशनी. अगंबाई, ही तुमच्या भाषणातली रोशनी?”

“तीच,” बाई म्हणाल्या.

“कोन रोशनी?” मिस्त्रीने विचारलं.

बाई खुर्चीत बसल्या. “तिसरीत होती. दिवाळी झाली की गावच्या गाव गुजरातेत ऊसतोडीला जायचं. मी म्हणायचे, तुम्ही जा, पोरं माझ्याकडे ठेवा, त्यांची शाळा बुडता कामा नये. त्या साली सात पोरं होती माझ्या दोन खोल्यांत. रोशनीच्या बापालाही सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. पोरीला घेऊन गेला. वाटेत ट्रॉली कालव्यात उलटली. रोशनी सापडलीसुद्धा नाही.”

वीस वर्षं त्या भाषणांतून हे असंच सांगत आल्या होत्या, याच शब्दांत. गोष्ट इथवर आली की लोक डोळे पुसत. पायलनेही पुसले. त्या प्रसंगानंतर बाईंनी बदली मागून घेतली होती.

धार लावण्याचा आवाज थांबला होता. “बाप आसं का वागला आसंल?”

“अडाणीपणा. दुसरं काय?”

“व्हय,” मिस्त्री म्हणाला, आणि पातं पुन्हा दगडावर फिरू लागलं.

“बाई,” पायलचा आवाज एकदम खाली आला. “पण रोशनीच्या वर अजून रेघा आहेत.”

बाई उठल्या. चष्मा नीट केला. बाकीच्या मुलांच्या रेघा चौथीला थांबल्या होत्या. रोशनीची तिसरीची रेघ शेवटची असायला हवी होती. तिच्या बरोबर वर, दोन-तीन बोटांवर, आणखी एक रेघ होती. तिच्यावर आणखी एक. शेजारी नाव नव्हतं, फक्त साल. ट्रॉली उलटली त्याच्या पुढचं साल. मग त्याच्याही पुढचं. एकूण दहा रेघा. शेवटची बाईंच्या हनुवटीला लागत होती.

मेलेली पोर दर जूनला वाढली होती.

“मी वर जाते, बाई,” पायल म्हणाली आणि शिडी चढून गेलीसुद्धा.

बाईंना भास झाला. समोर कोणीतरी उभं होतं. खांबाला पाठ लावून, टाचा टेकवून, श्वास रोखून. रेघ ओढून होण्याची वाट बघत.

“मिस्त्री, रंधा मारा,” त्या म्हणाल्या. “आत्ता. माझ्यासमोर.”

मिस्त्री उठला. पातं रंध्यात बसवून ठोकलं. रंधा सगळ्यात वरच्या रेघेवर टेकवला. ढकलला मात्र नाही.

“ह्या रेघा तिच्या बापानं पाडल्या, बाई. शाळा बंद पडली तरी दर जूनला यायचा. तिच्या वयाची गावातली एखादी पोर हितं उभी करायचा, रेघ मारायचा. तिला अठरा वर्सं भरली आसती तवा थांबला. म्हनला, आता उंची वाढायची नाय.”

“तुम्हाला कोणी सांगितलं हे?”

मिस्त्रीने रंधा काढला आणि बाईंच्या हातात दिला.

“तुमच्या हातानं मारा, बाई. सात पोरं होती तुमच्या घरी, ते खरं हाय. आठवी माझी रोशनी. बोचकं देऊन मीच तिला तुमच्या दारात आनली होती; जागा नाय म्हनून तुम्हीच माघारी लावली.”