ढेप दाखवा

केळापूरच्या सदाशिवरावांनी म्हैस विकायला मोबाईलवर टाकली आणि लगेच गिऱ्हाइकाचा फोन आला. "काका, मारकी तर नाही ना?"

"छ्या! सरकीची ढेप दाखवा, कोनाच्याई मागं येते. पाहाले या, रोडले लागून पयलंच घर हाय. पन दिवसा नोका येऊ, आमी सारे कापूस वेचाले वावरात राह्यतो."

मग पैसे टाकतो म्हणत त्याने कोड पाठवला, स्कॅन करा म्हणाला. सदाशिवराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी फोनच कापला.

"मले फसवाले पाहून राह्यलता लेकाचा!" दुसऱ्या दिवशी वावरात बायकोला, वच्छलाबाईंना, सांगताना त्यांना हसू आवरेना.

 

संध्याकाळी घरी आले, तर खुंटा रिकामा होता आणि तिथून थेट रोडपर्यंत ढेपेचा चुरा सांडत गेला होता.