हेल्मेटवरचा तारा

नेब्रास्कातल्या त्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात हार असो वा जीत, रविवारी प्रशिक्षक सर्वोत्तम खेळाडूच्या हेल्मेटवर तारा चिकटवत. काल घरच्याच मैदानावर संघ एकही गुण न मिळवता हरला. आज तारा मिळाला कोल्बीला. चेंडू हातात घेऊन पुढे घुसणाऱ्या साथीदारांची चढाई अडली, तरच मैदानात उतरून चेंडू लाथेने लांब उडवायचा, एवढंच त्याचं काम. काल चढाई अडतच राहिली आणि कोल्बी जन्मात खेळला नव्हता इतका सुंदर खेळला. टाळी कुणीच वाजवली नाही. “आम्ही तोंडावर आपटायचं आणि याने तारे मिरवायचे,” चढाईचा म्होरक्या पुटपुटला. जेवताना कोल्बीशेजारच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. तेवढ्यात आईचा फोन आला. “काल टीव्हीवर सारखा तूच दिसत होतास. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं मी.” तो नखाने मांडीवरच्या हेल्मेटवरचा तारा खरवडत राहिला. “आई, पुढच्या शनिवारी मी दिसूच नये अशी प्रार्थना कर.”