अनुभवाचं पत्र

ही फिजिओथेरपी शिकलेली; हिची मोठी मावसबहीण, ताई, परदेशात फिजिओथेरपिस्ट होती. तिनेच हिला बोलावून घेतलं. "तुझा परवाना होईपर्यंत माझ्या क्लिनिकमध्ये ये. मी आहे ना!"

तीन वर्षं हिने जखडलेले खांदे सोडवले, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना पुन्हा जिना चढायला लावला. रुग्णांच्या कागदांवर सही मात्र ताईची. हिने कधी हूं की चूं केलं नाही.

परवान्याच्या अर्जासाठी अनुभवाचं पत्र लागलं. ताईने लगेच लिहून पाकीट बंद केलं, पाठीवरून हात फिरवला. "जा, सोनं होईल तुझं."

परवाना कार्यालयातल्या बाईंनी पाकीट फोडलं, पत्र वाचलं आणि हिच्यापुढे सरकवलं.



"सदर मुलीने तीन वर्षे माझ्याकडे टॉवेल धुण्याचे व खाटा पुसण्याचे काम केले. मुलगी विश्वासू आहे."