निळाऱ्याची लेक

इत्तोने साखरेचा सुळका बापाच्या पायाशी आपटला. निळा कागद फाटला, ढेकळं चहूकडे उडाली.

"घे! सोयरिकीला आपण दिलेला परत आलाय. मेंदी परत, सपाता परत. लल्ला बतूलनं सगळं मोलकरणीच्या हाती धाडलं. स्वतः उंबऱ्यापर्यंत आली नाही. बाजारात काय बोललास तू, बाबा?"

हम्मू रांजणापाशी उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत निळा. तीन दिवस तो तिथून फारसा हललाच नव्हता. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा रांजण रुसला होता. अंजीर घालून झाले, कोंडा घालून झाला, चुना जिभेवर ठेवून चाखून झाला. पाणी आपलं डबक्यासारखं मेलेलं. डोंगरातल्या बायकांच्या चाळीस ओढण्या कोऱ्याच पडल्या होत्या.

निळारी म्हणजे नुसता रंगारी नव्हे. लाल-पिवळा रंग कुणीही उकळून काढील. नीळ आंबवावी लागते, जोजवावी लागते, आणि रुसली तर खोटं बोलून उठवावी लागते. खोटंही असं, की ऐकणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे. वाडवडिलांपासूनची रीत. म्हणून ॲटलस डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात 'निळारी' हा शब्द धंद्यापेक्षा शिवी म्हणूनच जास्त चाले. काजी निळाऱ्याची साक्ष घेत नसे. नवऱ्याने थाप मारली की बायको कमरेवर हात ठेवून विचारी, "बोलतोस, की नीळ उठवतोस?" हम्मू सगळं ऐकून घेई. दर खोट्यानंतर मात्र तो पीराच्या दर्ग्यात जाऊन बसे. तिथले आंधळे शेख गाऊन प्रवचन करत. गाता गाता म्हणत, "जिभेवर पहारा तुम्ही ठेवा रे बाबांनो, काळजावर तो ठेवतोच आहे." हम्मूच्या दाढीतून पाणी ओघळे.

"बोल ना! दातखीळ बसली का?"

"आधी सांगितलं, बकरीनं अंडं घातलं," हम्मू पुटपुटला. "लोक हसले. मग म्हटलं, मिनारावर उंट चढलाय. चहावाला म्हणाला, उतरला की माझ्याकडे पाठव, पुदिन्याचा चहा पाजतो. आता कोण मानतं गं आपलं?"

"मग?"

"मग म्हटलं, माझ्या इत्तोला जिलाली नकोच आहे. मन मारून हो म्हणालीये पोर." त्याने खाली पाहिलं. "ते मात्र सगळ्यांना खरं वाटलं."

इत्तोच्या अंगाचा भडका उडाला. जिलालीच्या आईने, त्या लल्ला बतूलने, 'निळारी' हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. "रंगाचं काहीतरी करतात" म्हणे. नखं पांढरी झाली की निकाह, ही तिची अट. लग्नानंतर रांजणाला हात लावायचा नाही, ही दुसरी. दोन महिने इत्तो लिंबू आणि वजरी घेऊन हात घासत होती. कातडी सोलवटली, रक्त आलं. नखांच्या मुळाशी निळं होतं ते होतंच.

"माझा संसार रांजणात बुडवलास! लोक म्हणतात तेच खरं. निळारी तो निळारीच. पोटच्या पोरीलासुद्धा विकेल!"

"शिव्या दे, खाईन. पण इत्तो, हे बघ तरी." हम्मूने रांजणाकडे बोट केलं. त्याचा आवाज कावराबावरा झाला होता. "तीन चौकांत सांगितलं. सगळ्या गावानं मानलं. एवढं थोरलं खोटं, आणि नीळ ढिम्म! असं कधीच झालं नव्हतं गं. माझ्या बापाच्या वेळीही नाही."

"जळो तुझी नीळ!"

तिने त्याला बाजूला लोटलं, रांजणाच्या काठावर दोन्ही सोललेले हात टेकले आणि त्या काळ्या पाण्यातच ती ओरडली, "मला जिलालीच हवा होता! ऐकतोयस? त्याच्या घरी मी सुखात राहिले असते! हा वास, हा रंग, हे हात, मला काही काही नको होतं!"

हम्मूची मान खाली गेली. त्याला त्यातला शब्दन् शब्द खरा वाटला.

तेवढ्यात बुडबुडा फुटल्याचा आवाज आला.

मग दुसरा. इत्तो ओरडायची थांबली. पाण्यावर तांब्यासारखी साय धरत होती. मधोमध निळा फेस फुलून वर आला, काठाला लागला. सायीखालचं पाणी हिरवंपिवळं होत चाललं. तो आंबूस, गोड वास सुटला, सहा वर्षांची असल्यापासून ती ज्या वासाने जागी होत आली होती.

काठावरचे हात तिला उचलता येईनात. फेस तिच्या बोटांवरून चढत होता.

हम्मूने एक कोरी ओढणी उचलली. तिच्या शेजारी बसला. रांजणाकडे पाहत अगदी हलकेच त्याने विचारलं,

"लेकी, बोलत होतीस, की नीळ उठवत होतीस?"