सरस वाळेपर्यंत

एक्स-रेची फिल्म उजेडाच्या चौकोनावर चढली आणि मिस्त्रींनी डोळे गच्च मिटले. तीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवणारा हा माणूस, फळीतली केसाएवढी चीर दुरून ओळखणारा. पण स्वतःच्या कमरेत काय झालंय ते बघायची हिंमत होईना. शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिने डोळे मिटले नाहीत. दोघांपैकी एकाने तरी बघायला हवंच होतं.

शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले होते. कमरेतला एक मणका सरकून नसेवर बसला होता, तो खालच्या मणक्याशी जोडून टाकला. पायातून उतरणारी कळ दुसऱ्याच दिवशी गेली. दोन वर्षं ज्यांना गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नव्हतं, ते मिस्त्री कोपऱ्यावरून दूध आणू लागले. दुखणं गेलं, आणि जाताना शहाणपणही घेऊन गेलं. परवा ‘नुसता बसून येतो’ म्हणून ते कारखान्यात गेले. हाताखालचा कारागीर दाराची फळी तिरकी धरतोय म्हटल्यावर यांना कुठलं राहवतंय! खाली वाकले आणि एक टोक उचललं. कमरेत कच्चकन काहीतरी झालं.

घरी आले ते तोंडाला कुलूप लावून. संध्याकाळी जेवायला बसेनात, उभ्यानेच ताट हातात घेतलं, तेव्हा बायकोला कळायचं ते कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, की फळी किती जड होती. आणि सकाळी उठून डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

आता स्क्रू हलला असेल तर पुन्हा ते टेबल, पुन्हा ती कळ. आणि या वेळी दोष द्यायलाही दुसरं कुणी नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डॉक्टरबाईंनी मागच्या वेळची फिल्म शेजारी लावली, पट्टीने काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग खुर्ची वळवून त्यांनी शांतपणे विचारलं, की उचलायचं नाही, वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही हे तीनदा सांगून झाल्यावरही असं का केलंत.

“बाई, चार स्क्रू आणि दोन पट्ट्या म्हणाला होतात,” मिस्त्री म्हणाले. “स्क्रूचं काम मला कळतं. स्क्रू बसला की त्याच दिवशी मी दार लटकवतो.”

इथेच घोडं पेंड खात होतं. शस्त्रक्रियेच्या आधी बाईंनी प्लास्टिकचा मणका हातात घेऊन सगळं समजावलं होतं. पण स्क्रू हा शब्द कानावर पडला आणि मिस्त्री मान डोलवू लागले. ज्याला एक गोष्ट येते, त्याला पुढचं ऐकू येत नाही. बाईंच्याही ते आता लक्षात आलं. त्यांनी प्लास्टिकचा मणका पुन्हा काढला, पण समजावलं काहीच नाही. उलट शिकाऊ असल्यासारखं विचारलं, की दोन फळ्या सरस लावून जोडायच्या तर कशा जोडता?

मिस्त्रींना जरा बरं वाटलं. सरस लावायचा, क्लॅम्प आवळायचा आणि वाळेपर्यंत त्याच्याकडे फिरकायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि कुणी मधेच हलवलं तर?

“तर सांधा धरत नाही. क्लॅम्प काय, तात्पुरता. खरं धरतो तो सरस...”

मिस्त्री बोलता बोलता थांबले.

“स्क्रू आणि पट्ट्या म्हणजे तुमचा क्लॅम्प,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मधे हाडाचा चुरा भरलाय, तुमच्याच हाडाचा. त्यातून नवं हाड धरलं की दोन मणक्यांचा एक होतो. ते काम मला येत नाही, मिस्त्री. ते तुमचं शरीर करतं, सावकाश. सहा महिने, कधी वर्षसुद्धा.”

“आणि नाही धरलं तर स्क्रूवर जोर येत राहतो,” मिस्त्री पुटपुटले. “भोक मोठं होतं. स्क्रू ढिला पडतो.” हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी धीर करून फिल्मकडे पाहिलं. “हललाय का, बाई?”

“नाही. चारही जागच्या जागी आहेत. फक्त स्नायू दुखावलाय, चार दिवसांत बरा होईल. अजून वाळलेलं नाही, पण हललेलंही नाही.”

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाईंना हात जोडले. आभार मानू लागले. बाई म्हणाल्या, की आपलं काम चार तासांचं होतं. पुढचे सात आठवडे तुम्हाला सरळ कुणी ठेवलं, ते घरी गेल्यावर आठवून बघा.

आठवायला घरापर्यंत जावं लागलं नाही. रोज सकाळी तिने पायात चढवलेले मोजे. खालच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आलेली घरातली झाडून सगळी भांडी. अंथरुणातून उठताना ‘आधी कुशीवर, मग पाय खाली’ ही रोजची टकळी, जिला ते कटकट म्हणत आले होते.

एक्स-रेसाठी काढलेले बूट बाहेर बाकाखाली होते. बायकोने बाकाचा कठडा धरला आणि खाली बसली. तिचे गुडघे कुरकुरले. मिस्त्री ताठ उभे होते. तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडे बघत त्यांनी पाय पुढे केला.

“अगं,” ते म्हणाले, “वाकायची बंदी आहे. नाहीतर आज तुझ्या पाया पडलो असतो.”

तिने मान वर केली नाही. बुटाची नाडी ओढून गाठ घट्ट केली.

“सहा महिने म्हणाल्यात ना बाई,” ती म्हणाली. “थांबते मी.”

आणि दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.