पहिलं घर
नदीत दोन वर्षं मासेमारी बंद ठेवायची का, यावर जमातीच्या ज्येष्ठांचा सकाळपासून खल चालला होता. चौघं बंदीच्या बाजूने, चौघं विरुद्ध. नववी जागा यंदाच तरुणांना दिलेली. तिथे पाणी तपासणारी पोरगी बसली होती. दारात तिचा मासेमार बाप उभा होता. "बोल," प्रमुख आजी म्हणाली. "मूग गिळून बसायला नाही बोलावलं." "माशांची पिल्लंच उरली नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "बंद करा." बाप निघाला. "बसलीस काय?" आजी म्हणाली. "निर्णय देणाऱ्यानेच तो घरोघरी सांगायचा. पहिलं घर तुझं." ती काठावर धावली. बाप जाळं आवरत होता. तिने दुसरं टोक धरलं. "बाबा, मी..." "ऐकलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नीट घडी घाल. दोन वर्षांनी लागेल."